जुन्या मोटारगाडीचे यांत्रिक पुनरुज्जीवन

जुन्या मोटारगाडीचे यांत्रिक पुनरुज्जीवन : झिजलेल्या अथवा दीर्घकाळ पडून राहिलेल्या जुन्या मोटारगाडीचे एंजिन, दंतचक्रपेटी, ब्रेक, सुकाणू इ. भाग मूळ रचनेला धरून पुन्हा कार्यक्षम करण्याच्या प्रक्रियेस ही संज्ञा लावतात. नेहमीच्या दुरुस्तीत गाडी चालू होणे पुरेसे असते व निकामी भागाच्या जागी बसेल तो भाग चालतो. पुनरुज्जीवनात मूळ भाग शक्य तितका टिकवून त्याच्याकडून पूर्ववत काम करवून घ्यावयाचे असते. केवळ जतनाहूनही ही प्रक्रिया निराळी आहे. अहिल्यानगर येथील रणगाडा संग्रहालयात ठेवलेली रोल्स-रॉइस चिलखती गाडी पाहण्यासाठी आहे. रस्त्यावर धावणाऱ्या जुन्या गाडीला मात्र दर वेळी आपले ब्रेक सिद्ध करून दाखवावे लागतात.

या भेदाला भारतात आता कायद्याचेही परिमाण लाभले आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या व ज्यांत मोठे फेरबदल झालेले नाहीत अशा खाजगी दुचाकी व चारचाकी वाहनांची ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी होऊ शकते. त्यांच्या क्रमांकात राज्याच्या संकेताक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. साहजिकच फुटलेल्या मूळ एंजिनाऐवजी दुसरे बसवावे की तेच दुरुस्त करावे, हा प्रश्न निव्वळ हौसेचा राहिलेला नाही.

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. संस्थानच्या रेल्वेच्या रस्ते वाहतूक विभागाने १९३२ मध्ये सत्तावीस बसगाड्यांनिशी सेवा सुरू केली. स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रातील रस्त्यांवर मुंबईत जुळवलेल्या विलिस जीप आणि वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील फियाट गाड्या रूढ झाल्या. फियाट ११०० हीच पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. तिचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले आणि मुंबईतील टॅक्सी म्हणून तिची कारकीर्द ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. आज पुनरुज्जीवनासाठी येणाऱ्या सर्वसामान्य कुटुंबांतील गाड्यांत तिची गणना करावी लागते. संस्थानिकांच्या आलिशान गाड्यांचा गाजावाजा होतो, पण त्या संख्येने थोड्या.

अशा गाड्यांचे अनेक भाग विकत मिळत नाहीत, घडवावे लागतात. चिकलठाणा, वाळूज व शेंद्रा येथील औद्योगिक वसाहतींमुळे आणि विशेषतः १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाल्यानंतर या शहरात वाहनांच्या सुट्या भागांचा उद्योग वाढला. लेथ, बोअरिंग, ग्राइंडिंग व उष्णता संस्करण यांच्या सोयी हाताशी असणे हे पुनरुज्जीवनाच्या दृष्टीने मोठेच भांडवल होय. हवेचाही थोडा लाभ आहे. किनाऱ्यावरील खाऱ्या दमट हवेच्या मानाने येथे लोखंड सावकाश गंजते. उलट कडक उन्हाळ्यात रबर, बूच व चामड्याच्या गळतीरोधक कड्या वाळून तडकतात, आणि बेसाल्ट खडकातील विहिरींचे जड पाणी वर्षानुवर्षे वापरल्यास रेडिएटर व एंजिनातील जलमार्ग क्षारांच्या थराने भरून जातात. एंजिन तापण्याची तक्रार आली की प्रथम हा थर तपासणे शहाणपणाचे ठरते.

अनेक वर्षे बंद असलेले एंजिन बॅटरी जोडून फिरवून पाहण्याचा मोह महागात पडतो. दट्ट्यावरील कड्या गंजाने सिलिंडरच्या भिंतीला चिकटलेल्या असतात. जोर लावल्यास त्या तुटतात व भिंतीवर खोल चरे पडतात. म्हणून स्पार्क प्लग काढून त्या छिद्रांतून गंज सैल करणारे पातळ तेल सोडतात, ते काही दिवस मुरू देतात आणि मग भुजादंड म्हणजेच क्रँकशाफ्ट हाताने थोडथोडा पुढेमागे हलवतात. एंजिन मोकळे झाल्यावर प्रत्येक सिलिंडरातील संपीडन दाब मोजतात. दाब कमी आढळल्यास आत चमचाभर तेल घालून पुन्हा मोजतात. तेलाने दाब वाढला तर झीज कड्यांची अथवा सिलिंडराची असते. न वाढल्यास संशय झडपांवर किंवा एंजिनाच्या माथ्याखालील गॅस्केटवर जातो.

सिलिंडर सर्वत्र सारखा झिजत नाही. सर्वांत वरची कडी जेथपर्यंत जाते तेथे झीज अधिक होते व मुळात वर्तुळाकार असलेला छेद लंबगोल बनतो. म्हणून वर, मध्ये व खाली, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी माप घेतात. झीज मर्यादेबाहेर असल्यास सिलिंडर किंचित मोठा कातून त्या मापाचे दट्टे घालतात. फियाट ११०० च्या एंजिनाचा मूळ व्यास ६८ मिमी. व दट्ट्याची धाव ७५ मिमी. असून चार सिलिंडरांचे एकूण आकारमान १,०८९ घ. सेंमी. भरते. व्यास अर्धा मिमी. वाढवल्यास ते सु. १,१०६ घ. सेंमी. होते. शक्तीत यामुळे नगण्य फरक पडतो, परंतु भिंत कायमची पातळ होते. ही संधी एका एंजिनाला मोजक्याच वेळा मिळते. त्यानंतर बिडाची नळी ठोकून व्यास मूळ मापावर आणणे हाच मार्ग उरतो. मूळ ठोकळा टिकवायचा तर हा उपाय आधीच योजण्यास हरकत नसावी. ठोकळ्याला तडा गेला असल्यास सामान्य वितळजोड धोक्याची असते, कारण बीड असमान तापून शेजारी नवे तडे जातात. तड्याच्या कडेने छिद्रे पाडून त्यांत धातूच्या पट्ट्या व आटे असलेल्या खुंट्या थंडच बसवण्याची ‘टाके घालण्याची’ पद्धत अशा वेळी अधिक विश्वसनीय ठरते.

१९३० च्या आसपासच्या व त्याआधीच्या पुष्कळ गाड्यांत भुजादंडाच्या धारव्यांमध्ये म्हणजे बेअरिंगांमध्ये बॅबिट धातूचा ओतीव थर असतो. आयझॅक बॅबिट यांनी १८३९ मध्ये शोधलेल्या या मऊ मिश्रधातूत मुख्यतः कथिल आणि त्याबरोबर अँटिमनी व तांबे असते. जुना थर वितळवून काढतात, कवच स्वच्छ करून त्याला कल्हई करतात, ते तापवून नवा धातू ओततात आणि नंतर कातून माप साधतात. शेवटी दंडाला निळा रंग फासून तो फिरवतात व धारव्यावर जेथे रंग उठेल ते उंचवटे हाताने खरवडतात. दंडाचा व्यास ५० मिमी. असल्यास सु. ०.०५ मिमी. मोकळीक ठेवतात. ती फार कमी असल्यास तेलाचा थर टिकत नाही व धातू वितळतो. अधिक असल्यास तेलाचा दाब उतरतो आणि एंजिन ठोके देऊ लागते. डोळ्यांना न दिसणाऱ्या या फटीवर सारे काम अवलंबून असते.

किरकोळ वाटणारा पण वारंवार नडणारा भाग म्हणजे नट-बोल्ट. ब्रिटिश गाड्यांत ५५ अंशांचे व्हिटवर्थ आटे, अमेरिकन व यूरोपीय गाड्यांत ६० अंशांचे आटे असतात. अर्ध्या इंचाच्या जाड आट्याच्या व्हिटवर्थ बोल्टवर इंचात १२, तर तशाच अमेरिकन बोल्टवर १३ आटे पडतात. चुकीचा बोल्ट दोन-तीन फेरे सहज जातो, मग पान्याचा जोर लागतो आणि मूळ छिद्रातील आटे कायमचे जातात.

मूळ भाग राखण्याचा आग्रह ब्रेकच्या बाबतीत एका मर्यादेपर्यंतच धरावा. फोर्ड कंपनीच्या मोटारींत १९३८ पर्यंत दांड्यांनी अथवा तारांनी चालणारे ब्रेक होते. त्यांत प्रत्येक सांध्यातील सैलपणा काढून चारही चाकांवरील पकड सारखी करावी लागते. द्रवचलित ब्रेकमध्ये गंजलेल्या लहान सिलिंडरांत पितळी वा अगंज पोलादाची नळी बसवून मूळ ओतीव भाग वाचवता येतो. रबरी वाट्या व नळ्या मात्र नव्याच हव्यात. ब्रेकमध्ये खनिज तेल कधीही घालू नये, कारण त्याने या वाट्या फुगतात. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असते. त्यांची धूळ हवेच्या झोताने न उडवता ओल्या फडक्याने पुसतात. ब्रेक पुरते झाल्याखेरीज एंजिन चालू होऊनही गाडी आवाराबाहेर नेऊ नये.

इंधनातील बदल हा अलीकडचा प्रश्न होय. शिसेयुक्त पेट्रोल भारतात २००० मध्ये बंद झाले. शिशाच्या संयुगामुळे झडपांच्या बैठकांचे झिजेपासून रक्षण होत असे, म्हणून मऊ बिडाच्या बैठकांऐवजी कठीण पोलादाच्या कड्या बसवतात. शिशाचा वापर १९२३ मध्ये सुरू झाल्याने त्यापूर्वीच्या मंदगती एंजिनांना याची सहसा गरज नसते. २०२३ पासून वितरित होऊ लागलेले वीस टक्के इथेनॉलयुक्त पेट्रोल अधिक त्रासदायक आहे. ते ओलावा शोषते, जुने रबर व बूच बिघडवते आणि गाडी उभी राहिल्यास कार्ब्युरेटरच्या जस्तमिश्रित ओतीव भागांवर क्षरण घडवू शकते. इथेनॉलाला टिकणाऱ्या नळ्या घालणे व दीर्घ विश्रांतीपूर्वी टाकी रिकामी करणे हे सध्याचे व्यवहार्य उपाय आहेत.

जुळणी झाल्यानंतर पहिले काहीशे किमी. गाडी मध्यम वेगाने, चढावर एंजिनाला न दमवता चालवतात. माथ्याचे बोल्ट ठरलेल्या क्रमाने पुन्हा आवळतात व पहिले तेल लवकर काढून स्वच्छ पांढऱ्या भांड्यात पाहतात. त्यात थोडी काळी कीट अपेक्षित असते. रुपेरी चकाकणारे कण आढळल्यास मात्र धारवा खरवडला जात आहे असे समजून एंजिन पुन्हा उघडावे लागते.