अंग गरम नाही म्हणून थांबू नका

तुमच्या घरात कोणी डायलिसिसवर आहे का? कर्करोगाची केमो, एचआयव्हीची औषधं किंवा संधिवातासाठी रोज स्टिरॉइडची गोळी कोणाला चालू आहे का? आज आपण त्यांच्यासाठी बोलू.

२०२०च्या उन्हाळ्यात आपल्या जळगाव जिल्ह्यात कोरोनाने दगावणाऱ्यांचं प्रमाण देशात फार वरचं होतं. आधीचे आजार असलेले आणि उशिरा दवाखान्यात पोहोचलेले त्यात बरेच होते. कोरोना ओसरला, पण फ्लू पावसाळ्यात आणि हिवाळ्यात येतोच.

विषाणू फुप्फुसात शिरला की रक्तातल्या पांढऱ्या पेशी लढायला धावतात. त्यांतल्या लिम्फोसाइट विषाणूला ओळखून मारतात. वर सांगितलेल्या माणसांत या पेशी कमी किंवा सुस्त असतात. ताप हा लढाईचाच भाग. लढाई मंद, तर तापही कमी. आपण म्हणतो, "अंग गरम नाही, साधी सर्दी आहे." आणि यातच मोलाचे दिवस जातात.

सीबीसीचा कागद हाती आला की एक हिशोब करा. एकूण पांढऱ्या पेशी ६००० आणि लिम्फोसाइट १० टक्के, म्हणजे ६००. मोठ्या माणसात हा आकडा सहसा १०००च्या वर असतो. फुप्फुसाच्या आजारात तो खाली गेला, तर धोका वाढलेला असतो. काहींचा आकडा एरवीही कमीच असतो, म्हणून जुने कागद जपून ठेवा. डॉक्टरांना ताडून पाहता येतं. एचआयव्ही असेल तर सीडी-फोरही सांगा. तो २००च्या खाली असेल तर जास्त जपायला हवं.

पण आकडा म्हणजे निकाल नव्हे. दम लागला, ऑक्सिमीटर ९४च्या खाली गेला, माणूस गुंगीत वाटला, तर कागदाची वाट पाहू नका. लगेच दवाखाना गाठा. फ्लूचं औषध पहिल्या ४८ तासांत सर्वांत चांगलं लागू पडतं. चालू गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका.

फ्लूच्या इंजेक्शनात जिवंत विषाणू नसतो. ते दरवर्षी घ्यायचं असतं. कधी घ्यावं, हे डॉक्टरांना विचारा. घरातल्या इतरांनीही घेतलं तर रुग्णाला आडोसा मिळतो. घरात कोणाला सर्दी-खोकला झाला, तर त्याने रुग्णाजवळ जाताना तोंडाला रुमाल बांधावा.

गटाच्या पुढच्या बैठकीत हे सांगा. मात्र कोणाला कोणता आजार आहे, हे चारचौघींत विचारू नका. माहिती सगळ्यांना द्या. जिला गरज आहे, ती बरोबर उचलेल.