गोड वाइनच्या पिंपातील सिंगल माल्ट : आस्वादाची पद्धत आणि मराठी शब्दसंपदा

प्रस्तावना

मुळशी-मावळ पट्ट्यात पिकणाऱ्या आंबेमोहर तांदळाला त्याचे नाव रंगावरून वा आकारावरून नव्हे, तर वासावरून मिळाले आहे. भात शिजताना आंब्याच्या मोहराचा भास होतो. प्रत्यक्षात मोहर त्यात नसतोच. वास हा बहुधा साम्यानेच सांगावा लागतो, हे आस्वादशास्त्राचे पायाभूत सूत्र या नावात अनायासे आले आहे. प्रस्तुत लेखात तेच सूत्र गोड वाइनच्या पिंपात अखेरचा काळ मुरवलेल्या सिंगल माल्ट व्हिस्कीला लावून पाहावयाचे आहे. या पेयाचे वर्णन करताना आपण आजवर इंग्रजी टिपणांतील केक आणि पुडिंगांची यादीच उसनी घेत आलो आहोत. तिची गरज आहे काय, हाही प्रश्न त्यासोबत येतो.

आपल्या परिसरातील ठळक उदाहरण गोव्याचे आहे. कुंकळ्ळी येथे जॉन डिस्टिलरीज ही कंपनी ‘पॉल जॉन’ सिंगल माल्ट तयार करते; २०१२ मध्ये तो प्रथम ब्रिटनमध्ये विक्रीस आला. सिंगल माल्ट म्हणजे केवळ मोड आणून वाळवलेल्या सातूपासून, एकाच उत्पादनगृहात, तांब्याच्या पात्रात ऊर्ध्वपातन करून काढलेले आणि ओकच्या पिंपात मुरवलेले मद्य. ऊसमळीच्या मद्यार्कावर आधारलेल्या आपल्याकडील बहुसंख्य व्हिस्कींपासून ते मुळातच वेगळे असते. पॉल जॉनची ‘पीएक्स’ आवृत्ती अमेरिकन बर्बनच्या पिंपात मुरल्यानंतर पेद्रो हिमेनेझ या स्पॅनिश गोड शेरीच्या पिंपात ठेवली जाते. नाशिक जिल्ह्यात तयार होणाऱ्या आणि २०२२ मध्ये बाजारात आलेल्या ‘लाँगिट्यूड ७७’ या माल्टसाठीही अखेरच्या टप्प्यात वाइनची पिंपे वापरली जातात.

पिंप काय देते?

पेद्रो हिमेनेझ हे मुळात पांढरे द्राक्ष. ते काढणीनंतर चटयांवर उन्हात सुकवतात आणि मग त्याचा रस काढतात. या वाइनमध्ये दर लिटरला किमान २१२ ग्रॅम साखर असावी लागते. सांगली-तासगावचा बेदाणा मात्र सावलीत, शेडमध्ये सुकतो व म्हणून फिकट राहतो. या दोन प्रक्रियांतील फरक जिभेवरही उतरतो. पीएक्स पिंपातील माल्टला बेदाण्याची उपमा चुकीची ठरेल. तेथे काळी मनुका, खजूर आणि काकवी हेच शब्द हवेत. याउलट फ्रान्समधील सोतेर्न या सोनेरी गोड वाइनच्या पिंपात ठेवलेला माल्ट, उदाहरणार्थ ग्लेनमोरँजीचा ‘नेक्टार दोर’, बेदाणा आणि मधाच्या बाजूला झुकतो. इंग्रजी ‘रेझिन’ या एका शब्दात जे मिसळून जाते, ते मराठीत बेदाणा आणि मनुका असे सहज वेगळे होते.

वाइनच्या आधी बर्बनच्या लाकडाने आपले काम केलेले असते. त्यातील लॅक्टोनमुळे सुक्या खोबऱ्याचा, व्हॅनिलिनमुळे व्हॅनिलाचा आणि युजेनॉलमुळे लवंगेचा वास येतो. गोव्याच्या उष्ण, दमट हवेत हे सर्व झपाट्याने घडते. स्कॉटलंडमध्ये पिंपातून दरवर्षी सुमारे २ टक्के मद्य उडून जाते. गोव्यात हे प्रमाण त्याच्या कितीतरी पट आहे. अखेरच्या पिंपात मद्य किती काळ ठेवायचे, हा निर्णय येथे म्हणूनच अधिक जोखमीचा असतो. काही महिने जास्त झाले तर वाइन सातूला गिळून टाकते. स्कॉच नियमांतही या अखेरच्या टप्प्यासाठी किमान काळ ठरवलेला नाही. साधा कॅरमेल रंग घालण्यास तेथे मुभा असल्याने रंगाचा पुरावाही भरवशाचा नाही. लेबल अपुरे, रंग फसवा. ग्राहकाने मोजलेल्या दामाचे प्रमाण शेवटी त्याच्या नाकाजवळच उरते.

गोडी जिभेवर की नाकात?

या विषयातील सर्वांत मोठा गैरसमज साखरेविषयी आहे. गोड वाइनच्या पिंपात ठेवल्यामुळे व्हिस्कीत भरपूर साखर उतरते, असे पुष्कळांस वाटते. लाकडात मुरलेल्या वाइनबरोबर थोडी साखर येते हे खरे. परंतु आपल्याला जाणवणारी गोडी बहुतांशी वासाची असते. घोट घेतल्यावर घशामागून नाकात जाणारा मनुकेचा गंध मेंदू गोडीशी जोडतो. नाक चिमटीत धरून घोट घेतला तर मनुका नाहीशी होते; उरतो मद्यार्काचा दाह, किंचित गोडवा आणि ओकचा तुरटपणा.

हा प्रयोग पदवी वर्गात मद्य वापरून करता येणार नाही, हे उघड आहे. महाराष्ट्रात कडक मद्यासाठी वयोमर्यादा २५ वर्षे आहे. साखर आणि वेलदोडा घातलेले दूध मात्र तेच शिकवते. नाक मिटले की वेलदोडा जातो, साखर राहते. अन्नविज्ञानाच्या प्राध्यापकांनी हे प्रात्यक्षिक जरूर करून पाहावे.

आस्वाद घेताना

तोंडाशी निमुळता असलेला पेला घ्यावा, कारण त्यात गंध साचतो. बर्फ टाळावा, थंडीने गंधद्रव्ये कमी उडतात. पहिल्यांदा नाक पेल्यात खुपसू नये. पीएक्स आवृत्तीत ४८ टक्के मद्यार्क आहे आणि त्याच्या झोताने नाक काही काळ बधिर होते. दुरूनच हुंगावे, तोंड किंचित उघडे ठेवावे. प्रथम वाइन बोलते : मनुका, खजूर, काकवी, कधी कॉफी. येथेच समाधान मानणारा आस्वादक अर्धवट राहतो. पेला दहा-पंधरा मिनिटे तसाच ठेवून पुन्हा हुंगल्यास भाजलेल्या सातूचा, सातूच्या पिठासारखा वास वर येतो काय, हे पाहणे महत्त्वाचे. तो आला तर पिंपाने मूळ मद्याला पूर्णत्व दिले. आलाच नाही तर ते झाकले, असे माझे मत आहे.

मग काही थेंब पाणी. स्वीडनमधील कार्लसन आणि फ्रीडमन या संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकीय प्रतिमानाच्या आधारे दाखवले की, मद्यार्काचे प्रमाण कमी झाल्यावर ग्वायाकोल हे धुरकट वासाचे द्रव्य पृष्ठभागाकडे येते. सर्वच गंधद्रव्ये तसेच वागतात असे यावरून म्हणता येणार नाही. तथापि पाण्याने व्हिस्की ‘बिघडते’ हा अभिमानी समज सोडण्यास एवढे पुरेसे आहे. घोट लहान असावा, जिभेवर फिरवावा आणि गिळल्यानंतर किती वेळ काय टिकते ते पाहावे. काकवीची चव शेवटी कडवट करपलेपणाकडे गेली, तर पिंपाचा अंमल जास्त झाला असे समजावे.

रिकामा पेला लगेच धुऊ नये. मद्यार्क आणि हलके गंध उडून गेल्यानंतर, दुसऱ्या दिवशी सकाळी, त्यात जड गंध तेवढे राहतात. मनुका ओसरलेली असते आणि बहुधा लाकूड, सुके खोबरे आणि सातू यांचा वास स्वच्छपणे येतो.