उन्हाळी प्रवासातील इन्शुलिनची साठवण

उन्हाळी प्रवासातील इन्शुलिनची साठवण म्हणजे मधुमेहावरील उपचारासाठी टोचून घ्यावयाचे इन्शुलिन कडक उन्हाच्या दिवसांत घराबाहेर नेताना त्याची परिणामकारकता टिकवून ठेवण्याची पद्धत. इन्शुलिन हे प्रथिन आहे. उष्णतेने ते हळूहळू निकामी होते आणि गोठल्यास एकदम निकामी होते. घरी रेफ्रिजरेटरमुळे हा प्रश्न सुटलेला असतो. प्रवासात मात्र बस, रेल्वे, मोटार, मुक्कामाचे ठिकाण अशा प्रत्येक टप्प्यावर तापमान बदलत राहते. उष्णतेच्या धास्तीने कुपी थेट बर्फात ठेवणे हा या संदर्भातील नेहमीचा गैरसमज असून त्यातून होणारे नुकसान उन्हाने होणाऱ्या नुकसानीपेक्षा अधिक वेगाने घडते.

प्रकार १ च्या मधुमेहात शरीर स्वतःचे इन्शुलिन जवळजवळ तयारच करीत नाही. अशा रुग्णाच्या पिशवीतील औषध निकामी झाले आणि ते लक्षात आले नाही, तर एक-दोन दिवसांतच, काही वेळा त्याहूनही लवकर, रक्तात कीटोन साठून कीटोअ‍ॅसिडोसिस ही जीवघेणी अवस्था उद्भवू शकते. प्रकार २ च्या रुग्णांत हा धोका तुलनेने कमी असला, तरी रक्तशर्करा अनियंत्रित वाढते.

रासायनिक पार्श्वभूमी

इन्शुलिनचा शोध १९२१ साली कॅनडातील टोरांटो येथे लागला. त्याच्या रेणूत ५१ अमिनो आम्ले असतात. २१ आणि ३० अमिनो आम्लांच्या दोन साखळ्या गंधकाच्या बंधांनी एकमेकींना जोडलेल्या असतात व त्या विशिष्ट आकारात दुमडलेल्या असतात. औषधाचा परिणाम या आकारावर अवलंबून असतो. कुपीतील द्रावणात सामान्यतः सहा-सहा रेणू जस्ताच्या साहाय्याने एकत्र राहतात आणि या गटात ते बरेच स्थिर असतात. तापमान वाढले की गट सुटू लागतात, सुटे रेणू उलगडतात आणि एकमेकांना चिकटून लांब तंतू बनवतात. असे तंतू शरीरात इन्शुलिनचे काम करू शकत नाहीत. इन्शुलिन पंपाच्या बारीक नळीत ते अडथळाही निर्माण करतात. सतत हलण्याने ही क्रिया वेग घेते, म्हणून खडबडीत रस्त्यावरून तापलेल्या वाहनात होणारा प्रवास इन्शुलिनला दुहेरी अपायकारक असतो.

गोठण्याची क्रिया वेगळी आहे. पाण्याचे बर्फ होताना उरलेल्या थोड्या द्रवात इन्शुलिन आणि क्षार दाटतात व रेणूंच्या गुठळ्या होतात. दुधाळ दिसणाऱ्या मध्यम कालावधीच्या इन्शुलिनमधील (एनपीएच) सूक्ष्म कण गोठल्यावर एकमेकांना चिकटतात आणि वितळल्यानंतर पूर्ववत वेगळे होत नाहीत. त्यामुळे एकाच कुपीतून घेतलेल्या दोन मात्रांमध्ये औषधाचे प्रमाण भिन्न असू शकते. पेनच्या काचेच्या कार्ट्रिजला बारीक तडाही जाऊ शकतो. एकदा गोठलेले इन्शुलिन वितळल्यावर चांगले दिसत असले, तरी ते टाकून द्यावे, असा सर्व उत्पादकांचा निर्देश आहे.

तापमानाच्या मर्यादा

न उघडलेले इन्शुलिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावयाचे असते. वेष्टनावर छापलेली अंतिम तारीख याच तापमानासाठी लागू असते. वापरात असलेली कुपी किंवा पेन सामान्य तापमानात ठेवता येते. ही मर्यादा बहुतेक प्रकारांसाठी ३० अंश, काहींसाठी २५ अंश असते. कालावधी साधारणतः चार आठवड्यांचा असला, तरी तो सर्वत्र सारखा नाही. डेटेमिर सहा आठवडे आणि डेग्लुडेक आठ आठवडे वापरता येते. म्हणून प्रवासापूर्वी आपल्या औषधाच्या माहितीपत्रकातील आकडा पाहणे आवश्यक ठरते.

याचा अर्थ ३० अंशांच्या वर पारा गेला की औषध तत्काळ वाया जाते, असा नाही. मेदसां सां फ्रंतिएर ही वैद्यकीय साहाय्य संस्था व जिनिव्हा विद्यापीठ यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, केनियातील निर्वासित छावणीत आढळणाऱ्या २५ ते ३७ अंशांच्या दरम्यानच्या चढउतारात इन्शुलिन चार आठवडे ठेवूनही त्याची क्षमता टिकून राहिल्याचे दिसले. २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार न उघडलेले मानवी इन्शुलिन २५ अंशांपर्यंत सहा महिने आणि ३७ अंशांपर्यंत दोन महिने ठेवल्यास उपचाराच्या दृष्टीने महत्त्वाची घट होत नाही. रेफ्रिजरेटर नसलेल्या कुटुंबांसाठी हे निष्कर्ष मोलाचे आहेत आणि प्रवाशाचीही निष्कारण घबराट त्यांनी कमी व्हावी. तथापि ३७ अंश ही त्यांची वरची सीमा आहे. चंद्रपूर, नागपूर, अकोला, जळगाव या भागांत मे महिन्यात सावलीतील तापमान ४४-४५ अंशांवर जाते आणि उन्हात उभ्या वाहनातील तापमान त्याच्याही पुढे असते.

वाहनातील उष्णता

बंद काचांची मोटार उन्हात उभी केल्यास आतील तापमान तासाभरात बाहेरच्यापेक्षा सुमारे २० अंशांनी वाढू शकते आणि त्यातील बरीचशी वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. जेवणासाठी ढाब्यावर थांबताना पिशवी गाडीत ठेवणे यामुळेच धोक्याचे असते. डॅशबोर्ड, मागच्या काचेखालची फळी आणि सामानाची डिकी या जागा सर्वांत वाईट होत. दुचाकीच्या आसनाखालील डिकीत उन्हाबरोबर इंजिनाची उष्णता व रस्त्याचे हादरेही पोहोचतात. एसटी बसमध्ये इंजिनावरील झाकणाजवळची जागा टाळून, सावलीच्या बाजूच्या आसनाजवळ पिशवी ठेवणे योग्य. रेल्वेच्या वातानुकूलित डब्यात वेगळ्या उपायाची फारशी गरज भासत नाही. शयनयान डब्यात मात्र सर्वांत वरचा बर्थ तापलेल्या छताला लागून असल्यामुळे औषध खालच्या बर्थपाशी, खिडकीच्या उन्हापासून दूर ठेवावे.

शरीरालगतच्या खिशात औषध बाळगणेही उन्हाळ्यात योग्य नाही, कारण तेथील तापमान ३५ अंशांच्या आसपास राहते. पंप वापरणाऱ्यांचा तर पर्यायच खुंटतो, कारण यंत्र अंगावरच असते. त्यांनी पंप कपड्यांच्या आत ठेवावा, त्यावर थेट ऊन येऊ देऊ नये आणि तीव्र उन्हात साठ्यातील इन्शुलिन नेहमीपेक्षा लवकर बदलावे.

बाष्पीभवनाने थंडावा

माठातील पाणी ज्या कारणाने गार होते, तेच तत्त्व इन्शुलिनच्या थंड पिशव्यांमध्ये वापरलेले असते. पाण्याची वाफ होताना ते भोवतालची उष्णता शोषते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे २४०० जूल, तर एक ग्रॅम बर्फ वितळण्यास केवळ ३३४ जूल उष्णता लागते. या पिशव्यांच्या अस्तरात पाणी शोषून फुगणाऱ्या बहुवारिकाचे कण असतात. पिशवी काही मिनिटे साध्या पाण्यात बुडवली की कणांचा लगदा होतो आणि हवेच्या कोरडेपणानुसार दोन दिवसांपर्यंत थंडावा मिळतो. वीज किंवा बर्फ लागत नाही आणि औषध गोठण्याची शक्यताच राहत नाही, हा या पिशवीचा सर्वांत मोठा गुण होय.

मात्र ही पिशवी किती गार होईल हे ती कोणत्या प्रदेशात आहे यावर ठरते. बाष्पीभवनाने वस्तू जास्तीत जास्त ज्या तापमानापर्यंत थंड होऊ शकते त्याला वेट-बल्ब तापमान म्हणतात. विदर्भात हवा ४४ अंशांवर आणि सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असताना हे तापमान सुमारे २३ अंश असते. मुंबईत हवा ३४ अंशांवर आणि आर्द्रता ७० टक्के असताना ते सुमारे २९ अंश भरते. प्रत्यक्षात पिशवीच्या आतील तापमान याहून काहीसे जास्तच राहते. म्हणजे नागपूरच्या उन्हात जी पिशवी औषधाला सुरक्षित मर्यादेत आणते, तीच रत्नागिरीत किंवा पणजीत दोन-तीन अंशांपलीकडे फारसे काही करीत नाही. माठातले पाणी कोकणात विदर्भाइतके गार का लागत नाही, याचे उत्तरही हेच. किनारपट्टीवर मूळ तापमानच कमी असल्याने तेथे सावली व थर्मास बहुधा पुरतात.

पिशवीभोवती हवा खेळती असणे ही या उपायाची अट आहे. ओली पिशवी प्लास्टिकच्या थैलीत किंवा कपड्यांनी गच्च भरलेल्या सुटकेसमध्ये कोंबली, तर बाष्पीभवन थांबते व ती निरुपयोगी होते. अशी पिशवी जवळ नसल्यास पाणी आत जाणार नाही अशा डबीत औषध ठेवून, डबीवर ओले सुती कापड गुंडाळून, ती वाऱ्याच्या झुळुकीत पण सावलीत टांगता येते. मुक्कामाच्या ठिकाणी पसरट तोंडाचे मातीचे भांडे वापरता येते. अशा वेळी औषध पाण्यात बुडू न देता भांड्यातील कोरड्या डबीत ठेवावे.

थर्मास आणि आइस-पॅक

रुंद तोंडाचा थर्मास हा सर्वत्र मिळणारा व दमट हवेतही चालणारा पर्याय आहे. त्यात थंड पाणी भरून दहा-पंधरा मिनिटे ठेवावे, पाणी ओतून आतील बाजू पुसून कोरडी करावी आणि रेफ्रिजरेटरमधून काढलेले औषध कापडात गुंडाळून आत ठेवावे. झाकण वारंवार उघडल्यास थंडावा जातो. म्हणून चालू वापरातील पेन वेगळे ठेवून थर्मासमध्ये राखीव साठाच ठेवणे सोयीचे ठरते.

आइस-पॅक वापरताना सावधगिरी लागते. घरगुती फ्रीझरमधून नुकताच काढलेला पॅक उणे १५ ते उणे १८ अंशांवर असतो आणि त्याला टेकलेली कुपी गोठू शकते. भारतातील लसीकरण कार्यक्रमात शीतसाखळी सांभाळणारे कर्मचारी हा धोका टाळण्यासाठी आइस-पॅक काही वेळ बाहेर ठेवतात. पृष्ठभागावर पाणी सुटले आणि पॅक कानाजवळ हलवल्यावर आत पाण्याचा आवाज आला, की तो लसीच्या पेटीत ठेवण्याजोगा मानला जातो. इन्शुलिनसाठीही हीच कसोटी उपयोगी पडते, परंतु तो पॅक पाण्याने भरलेला असावा. जेलच्या पॅकमध्ये असा आवाज येत नाही, त्यामुळे तो टॉवेलात गुंडाळून वापरावा. कोणत्याही परिस्थितीत पॅक आणि औषध यांच्यामध्ये जाड कापडाचा थर हवा.

मुक्कामाच्या ठिकाणी रेफ्रिजरेटर असला म्हणजे प्रश्न मिटला, असे नाही. एकेरी दाराच्या रेफ्रिजरेटरमध्ये बर्फाच्या कप्प्याखालचा ट्रे आणि मागची भिंत अतिथंड असतात. औषध दारातील कप्प्यात किंवा मधल्या फळीवर पुढच्या बाजूस ठेवावे. हॉटेलच्या खोलीतून चावीचे कार्ड काढल्यावर काही ठिकाणी रेफ्रिजरेटरचीही वीज जाते.

विमानप्रवास

इन्शुलिन नेहमी हातातील सामानात न्यावे. सामानकक्षात तापमान अतिशय कमी होण्याची शक्यता असते, शिवाय सुटकेस उशिरा येणे किंवा हरवणे हा वेगळाच धोका. द्रवपदार्थांवरील मर्यादेतून आवश्यक औषधांना सवलत असते. त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी व मूळ वेष्टन जवळ ठेवावे. सुया बाळगण्यासाठीही चिठ्ठी उपयोगी पडते.

भारतात कुपीतील इन्शुलिन प्रामुख्याने एका मिलिलिटरला ४० युनिट आणि पेनमधील १०० युनिट या तीव्रतेत मिळते. परदेशात ४० युनिटची कुपी मिळेलच असे नाही. औषध खराब होऊन तेथे १०० युनिटची कुपी घ्यावी लागली आणि भारतातून नेलेली ४० युनिटची लाल टोपणाची सिरिंज वापरली, तर अडीचपट मात्रा टोचली जाते. म्हणून गरजेच्या दुप्पट साठा नेऊन तो दोन वेगळ्या पिशव्यांत विभागण्याचा सल्ला दिला जातो.

बिघाड ओळखणे

मुळात पारदर्शक असलेले इन्शुलिन धूसर झाले, त्यात धागे किंवा कण दिसले, रंग पिवळसर झाला, अथवा दुधाळ इन्शुलिन हलक्या हाताने घोळवूनही एकजीव झाले नाही व काचेवर बर्फाच्या नक्षीसारखे डाग राहिले, तर ते वापरू नये. परंतु दिसण्यात काहीही बदल न होता क्षमता घटलेली असू शकते, म्हणून डोळ्यांची तपासणी पुरेशी नसते. आहार व मात्रा नेहमीची असताना रक्तशर्करा सलग वाढलेली आढळली, तर प्रथम नवी कुपी उघडावी. मळमळ, उलट्या, धाप किंवा कीटोन आढळल्यास विलंब न करता रुग्णालय गाठावे. संशयित कुपीतील मात्रा मनाने वाढवत नेणे धोकादायक आहे, कारण त्यानंतर चांगली कुपी सुरू होताच तीच वाढीव मात्रा रक्तशर्करा अतोनात खाली आणते.

उन्हाचा परिणाम औषधाबरोबर शरीरावर आणि उपकरणांवरही होतो. त्वचा तापलेली असताना टोचलेले इन्शुलिन लवकर शोषले जाते व शर्करा अनपेक्षितपणे उतरू शकते. ग्लुकोमीटर बहुधा ४० अंशांच्या वर विश्वासार्ह आकडा देत नाही आणि त्याच्या पट्ट्याही ३० अंशांच्या आत ठेवावयाच्या असतात. मात्र थंड पिशवीतील ओलाव्याने पट्ट्या खराब होतात, त्यामुळे त्या मूळ बंद डबीत स्वतंत्र ठेवाव्यात.

इतर इंजेक्शने

सेमाग्लुटाइडचे पेन वापर सुरू केल्यावर ३० अंशांखाली सहा ते आठ आठवडे चालते, तर संधिवातावरील अ‍ॅडालिमुमॅब २५ अंशांपर्यंत चौदा दिवस बाहेर ठेवता येते. या औषधांनाही गोठणे चालत नाही. २५ अंशांची मर्यादा असलेल्या औषधासाठी बाष्पीभवनाची पिशवी उन्हाळ्यात भरवशाची नसते. त्यासाठी थर्मास किंवा कापडात गुंडाळलेला, पाणी सुटलेला आइस-पॅक वापरावा.