चामखीळ कापू नका, शरीराला जागे करा

मरोळच्या वस्तीत सकाळी नळावर रांग लागते. तिथे एखादी मुलगी बोटांवरच्या चामखिळी ओढणीत लपवते. घरकाम करणाऱ्या ताईला हात बघूनच काम नाकारले जाते. मग कोणी चामखीळ ब्लेडने कापतो, कोणी चुना-सोडा लावतो, कोणी घोड्याचा केस बांधतो. जखम चिघळते, पण चामखिळी वाढतच राहतात.

चामखीळ नजर लागून किंवा कुणाच्या शापाने येत नाही. ती ह्यूमन पॅपिलोमा नावाच्या विषाणूमुळे होते. हा विषाणू कातडीच्या वरच्या थरातच राहतो, म्हणून शरीराच्या संरक्षक पेशींना त्याचा पत्ता लागत नाही. कापल्याने किंवा खाजवल्याने तो शेजारच्या कातडीत पसरतो.

लहान मुलांच्या चामखिळी बहुतेक वेळा एक-दोन वर्षांत आपोआप जातात. राहिल्या तर सॅलिसिलिक ॲसिडचे औषध लावतात, गोठवतात किंवा जाळतात. तरीही पुन्हा येत असतील, किंवा एकाच वेळी बऱ्याच असतील, तर इंजेक्शनचा उपाय आहे.

यात गोवर-गालगुंड-रुबेलाची लस किंवा तशीच दुसरी लस सगळ्यात मोठ्या चामखिळीत अगदी थोडी टोचतात. ओळखीचा शत्रू दिसताच संरक्षक पेशी तिथे धावतात आणि लपलेला विषाणूही त्यांना सापडतो, असे मानले जाते. म्हणूनच सुई एका चामखिळीत टोचली, तरी दूरच्या चामखिळीही अनेकदा गळून पडतात. दिल्लीच्या राष्ट्रीय रोगप्रतिकारशास्त्र संस्थेत डॉ. गुरसरन प्राण तलवार यांच्या गटाने कुष्ठरोगासाठी विकसित केलेली एमडब्ल्यू लसही आपल्याकडे यासाठी वापरतात.

साधारण दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने तीन ते पाच वेळा जावे लागते. सुई टोचताना दुखते. नंतर तिथे सूज येते, कधी एक-दोन दिवस ताप येतो. सगळ्यांनाच गुण येतो असे नाही, पण दोन सुयांनंतर उपचार सोडू नका. गरोदर बाई, प्रतिकारशक्ती कमी असलेले आणि स्टेरॉइड घेणारे यांनी ते डॉक्टरांना आधी सांगावे.

तळपायावरचे प्रत्येक 'कुरूप' हे कुरूप नसते. त्यात काळे ठिपके असतील आणि दोन्ही बाजूंनी चिमटल्यावर दुखत असेल, तर ती चामखीळ असू शकते. मधुमेह असलेल्यांनी तर पायाला ब्लेड लावूच नये.

वस्तरा, टॉवेल, चप्पल एकमेकांची वापरू नका. सार्वजनिक न्हाणीत अनवाणी जाऊ नका. पण हात धरल्याने काही लगेच चामखीळ होत नाही, म्हणून कुणाला दूर लोटू नका.

कूपर, सायन, केईएम या पालिकेच्या रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहेत. केसपेपर काढा आणि हे इंजेक्शन तिथे मिळते का, हे डॉक्टरांना विचारा. लपवलेला हात आधी त्यांच्यासमोर उघडा.