डिगॉक्सिन

डिगॉक्सिन हे हृदयाच्या ठोक्यांची गती आवरण्यासाठी आणि दुबळ्या झालेल्या हृदयाचे आकुंचन सुधारण्यासाठी दिले जाणारे औषध आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत त्याचा समावेश आहे. उपचाराची मात्रा आणि विषारी मात्रा यांत फारच थोडे अंतर असल्यामुळे ते देताना विशेष दक्षता घ्यावी लागते.

इतिहास

इंग्लंडमधील वैद्य विल्यम विदरिंग यांनी अंगावर सूज येणाऱ्या रोग्यांवर फॉक्सग्लव्ह या वनस्पतीच्या पानांचा उपयोग करून आपली निरीक्षणे १७८५ मध्ये प्रसिद्ध केली. अतिमात्रेची लक्षणेही त्यांनी नोंदवली होती. १९३० मध्ये सिडनी स्मिथ यांनी याच कुळातील डिजिटॅलिस लॅनाटा या वनस्पतीपासून डिगॉक्सिन वेगळे केले.

कार्य व उपयोग

हे औषध हृदयपेशींतील सोडियम-पोटॅशियम पंप रोखते. त्यामुळे पेशीत कॅल्शियम वाढून आकुंचन जोरकस होते. व्हेगस चेतेचा प्रभावही वाढतो आणि वरच्या कप्प्यांकडून खालच्या कप्प्यांकडे जाणारे विद्युत-संदेश मंदावतात. एट्रियल फिब्रिलेशन या विकारात वरचे कप्पे अनियमितपणे थरथरतात. तेथे डिगॉक्सिन नाडीचा वेग कमी करते, मात्र ताल पूर्ववत करत नाही. विश्रांतीच्या वेळी हा परिणाम चांगला दिसतो, श्रमाच्या वेळी कमी. म्हणून आता बहुधा बीटा-ब्लॉकर गटातील औषधे आधी दिली जातात. हृदयक्षीणतेच्या ६,८०० रुग्णांवरील, १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत डिगॉक्सिनमुळे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण घटले, पण मृत्यूचे प्रमाण घटले नाही.

भारतात ऱ्हुमॅटिक तापाने मायट्रल झडप आकुंचित झालेल्या रुग्णांत हे औषध अद्याप बरेच वापरात आहे. यांतील अनेक रुग्ण ऐन कामाच्या वयातील असतात.

सुरक्षितता

औषध मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. मूत्रपिंडे निरोगी असताना रक्तातील प्रमाण निम्मे होण्यास ३६ ते ४८ तास लागतात. ती निकामी झाल्यास काही दिवस. भारतात आठवड्यातून पाच दिवस गोळी देऊन दोन दिवस सोडण्याचा जुना प्रघात आहे. त्याने आठवड्याची एकूण मात्रा घटते इतकेच. दररोज कमी मात्रा देण्याने तेच साधते आणि कोणता वार सोडायचा हा घोळही राहत नाही.

भूक मंदावणे, मळमळ, उलटी, थकवा, गोंधळलेपणा, वस्तू पिवळसर दिसणे आणि नाडी फार मंद होणे ही विषबाधेची लक्षणे होत. हृदयाचे ठोके अनियमित होऊन मृत्यूही ओढवू शकतो. ज्या मळमळीला पित्त समजून दुर्लक्षिले जाते, ती या रुग्णांत धोक्याची पहिली खूण असू शकते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी पोटॅशियम घटल्यास धोका वाढतो. व्हेरापामिल, अ‍ॅमिओडॅरोन आणि क्लॅरिथ्रोमायसिन यांमुळे औषधाची रक्तातील पातळी चढते.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या संदर्भात एक परिस्थिती लक्षात घेण्याजोगी आहे. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतून ऊसतोडणीसाठी कुटुंबे दरवर्षी काही महिने स्थलांतर करतात. अशा काळात गोळी चालू राहते, पण तिची मात्रा तपासणारा डॉक्टर दूर राहतो. उन्हातील श्रम, जुलाब किंवा अपुरे पाणी यांमुळे मूत्रपिंडांचे कार्य मंदावल्यास पूर्वी सोसलेली मात्राही जास्त ठरू शकते. प्रवासाला निघण्यापूर्वी क्रिएटिनिन व पोटॅशियमची तपासणी आणि औषधांची चिठ्ठी सोबत असणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

बिट्टीची विषबाधा

महाराष्ट्रात कुंपणाला व देवळांच्या आवारात लावली जाणारी बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर, हिच्या सर्व भागांत डिगॉक्सिनसारखीच हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये असतात. बियांत ती अधिक असतात. मुले तिच्या बियांशी खेळतात, आत्महत्येच्या प्रयत्नातही त्या खाल्ल्या जातात. या द्रव्यांमुळे डिगॉक्सिनची रक्तचाचणीही सकारात्मक येऊ शकते, परंतु आकड्यावरून विषबाधेची तीव्रता नेमकी ठरवता येत नाही. तीव्र विषबाधेत पोटॅशियम वाढते, ही गंभीर खूण मानली जाते. रुग्णाला ईसीजीची सोय असलेल्या रुग्णालयात तातडीने न्यावे लागते. तेथे सक्रिय कोळसा, अ‍ॅट्रोपिन आणि गरजेनुसार तात्पुरता पेसमेकर वापरतात. डिगॉक्सिनविरोधी प्रतिपिंडे दोन्ही विषबाधांवर उपयोगी आहेत, मात्र ती अतिशय महाग असतात.