खांद्यावरून मागं

"तीन!" माझी मुलगी ओरडते आणि चेंडू तिच्या पायाशेजारून निघून जातो.

सर तिच्या पाठीमागे दहा पावलांवर उभे आहेत, हात वर करून तीन बोटं दाखवत. समोरून मैत्रीण चेंडू सरकवते. तो पोहोचायच्या आत मुलीनं मान वळवून बोटं मोजायची, आकडा मोठ्यानं सांगायचा, चेंडू घ्यायचा आणि वळून सरांच्या दिशेनं सुटायचं. या वेळी आकडा बरोबर आला, पण चेंडू गेला. आधीच्या खेपेला चेंडू थांबला होता, आकडा चुकला होता. सकाळचे सात वाजायचेत. सुरतेतल्या उधन्याच्या या मैदानावर गवत फक्त कडेला उरलं आहे. मध्ये टणक माती, तिच्यात बारीक खडे. असा खडा लागला की चेंडू ऐनवेळी उडी घेतो.

फुटबॉलमध्ये चेंडू घेऊन वळणं म्हणजे पायाची करामत, असं मी कित्येक वर्षं समजत होतो. मुलीला मैदानावर आणायला लागल्यापासून गेले पाच महिने शनिवार-रविवार ते जवळून पाहतो आहे. आता वाटतं, पायाचं काम सगळ्यात शेवटी येतं.

पायाचंही काम आहेच. सर आधी उभं राहायला शिकवतात. चेंडू देणाऱ्याकडे छाती करून उभं राहिलं तर पाठीमागचं सगळं मैदान बंद. म्हणून अंग तिरकं ठेवायचं, दार अर्धं उघडं असावं तसं. गुडघे सैल, वजन चवड्यांवर. चेंडू जवळच्या पायानं अडवायचा नाही. तो अंगासमोरून पुढे जाऊ द्यायचा आणि लांबच्या, म्हणजे मागच्या पायाच्या आतल्या बाजूनं घ्यायचा. तो पाय किंचित मागे ओढत घेतला की चेंडू मऊ पडतो, आणि त्याच स्पर्शात कंबर फिरते. चेंडू आधी थांबवून मग वळलं तर दोन स्पर्श लागतात. तेवढ्यात मागची पोरगी अंगावर आलेली असते.

मी घरामागच्या बोळात हे करून पाहिलं. टेकलेल्या पायाचा पंजा जिकडे जायचं तिकडे आधीच वळलेला नसेल, तर सगळा पीळ गुडघ्यात जातो. सर मुलींच्या बुटांकडे इतकं का बघतात, ते तेव्हा कळलं.

मग प्रकार येतात. पायाच्या आतल्या बाजूनं आकडी घालून वळणं, बाहेरच्या बाजूनं वळणं, तळव्यानं चेंडू मागे ओढून वळणं. आणि मुलींना सगळ्यात आवडणारा, नेदरलंड्सच्या योहान क्रायफच्या नावाचा. 19 जून 1974 रोजी जर्मनीत डॉर्टमुंडच्या मैदानावर, नेदरलंड्स आणि स्वीडन यांच्यातल्या विश्वचषकाच्या सामन्यात, क्रायफनं चेंडू गोलसमोर मारण्याचा आव आणला, आणि त्याच पायाच्या आतल्या बाजूनं तो आपल्या टेकलेल्या पायामागून ओढून घेत उलट्या दिशेला निघून गेला. यान ओल्सन हा स्वीडनचा बचावपटू आव खरा मानून भलतीकडे गेला होता. सामना 0-0 सुटला. गोल झाला नाही, तरी पन्नास वर्षांनंतर सुरतेतल्या पोरी मोबाईलवर ते दोन सेकंद पुन्हापुन्हा पाहतात.

माझी मुलगी ही हालचाल आठवडाभरात शिकली. कोनासमोर शंभरदा बिनचूक करते. सामन्यात मात्र ती वळते थेट दुसऱ्या पोरीच्या अंगावर, कारण मागे कोण आहे ते तिनं पाहिलेलंच नसतं.

नॉर्वेचे संशोधक गेइर योर्डेट यांनी इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या खेळाडूंचं जवळून घेतलेलं चित्रण पाहून, चेंडू मिळण्याआधी कोण किती वेळा मान वळवतो ते मोजलं. जे जास्त वेळा बघत होते, त्यांचे पास जास्त अचूक जात होते. फ्रँक लॅम्पार्ड आणि स्टीव्हन जेरार्ड हे सर्वाधिक मान फिरवणाऱ्यांत होते. सरांची तीन बोटं मला त्यामुळे मोलाची वाटतात. चेंडू येत असताना त्याच्यावरची नजर काढून घेणं हे अंगाला न पटणारं काम आहे. त्याची भीती वाटते, आणि ती घालवायला महिने लागतात.

हे सगळ्यात लवकर उमगलं माझ्या वडिलांना. आबा अमळनेरहून तापी व्हॅलीच्या गाडीनं सुरतेला आले आणि उधन्याच्या लूम कारखान्यांत तीस वर्षं राबले. बारा तासांची पाळी, एका माणसाकडे आठ यंत्रं. दोन रांगांमधल्या अरुंद वाटेतून चालत राहायचं. इथली कांडी संपली, ती बदलायची. बदलताना पाठीमागच्या यंत्रावर तार तुटली असेल तर तीही दिसली पाहिजे, नाहीतर वारभर कापडात रेघ पडते आणि पैसे कापले जातात. धोट्याच्या खडखडाटात हाक ऐकू येत नाही, सगळी भिस्त डोळ्यांवर. हात पुढच्या कांडीवर आणि मान खांद्यावरून मागे, अशी आबांची सवय मी लहानपणी घरीही पाहिली आहे. जेवतानासुद्धा ते मधूनच मागे बघायचे.

आता ते मैदानाच्या कडेला विटांवर बसतात. फुटबॉलचे नियम त्यांना फारसे ठाऊक नाहीत. नात चेंडू घ्यायला पुढे येते तेव्हा त्यांचं एकच सांगणं असतं : "मांगे दख वं माय, मांगे दख!"

तसं पाहिलं तर आमच्या खानदेशी घरांत हा खेळ नव्हताच. कोल्हापूरची गोष्ट वेगळी. तिथं पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात आणि गल्लीतलं पोर थोरल्यांना वळताना बघत वाढतं. त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 साली सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. सुरतेतल्या पोरींना असे थोरले नाहीत. त्यांना एकमेकींवरच शिकावं लागतं.

आणि एकमेकींना सांगावंही लागतं. सुरत महापालिकेच्या शाळा सात माध्यमांत चालतात. मैदानावर त्यातल्या निम्म्या तरी भाषा भेटतात. पाठीमागून कुणी येत असेल तर गुजराती पोरगी ओरडते "पाछळ!", ओडिया पोरगी "पछरे!", आमची "मागं!" धावपळीत हे तिन्ही शब्द सगळ्यांना कळतात. वळायला जागा असेल तेव्हा मात्र सगळ्यांचा शब्द एकच, "टर्न!"

मागच्या रविवारी शेजारच्या सोसायटीच्या मुलींशी सामना होता. उत्तरार्धात चेंडू आमच्या मुलीकडे निघाला. तिची वेणी एकदा डावीकडे उडाली, मग उजवीकडे. तिनं पाहिलं होतं : लाल बनियनची उंच पोरगी अगदी पाठीला लागून आली होती. मी श्वास धरला, आता ती क्रायफ करणार. तिनं एका स्पर्शात चेंडू आला तसा परत दिला आणि मोकळ्या जागेत सरकली. कडेवरून कुणीच टाळी वाजवली नाही. सरांनी फक्त मान हलवली.

मिनिटभरानं चेंडू पुन्हा तिच्याकडे आला. पुन्हा वेणी उडाली. या वेळी मागे फक्त माती होती, ऊन पडलेली, कडेच्या गवतापर्यंत मोकळी. मागचा पाय, एक स्पर्श, आणि ती वळून धावत सुटली.

विटांवरून आबा उठून उभे राहिले होते.