वरचं पाणी आणि तळाची डाळ

दुपारी बाराच्या सुमाराला दवाखान्यात डबे उघडतात, तेव्हा खाटेशेजारच्या स्टुलावर एक वाटी हमखास दिसते. पिवळसर, पातळ, तळ दिसेल असं पाणी आणि वर जिऱ्याचे चार दाणे. नांदेड असो की लातूर, पेशंट क्षयरोगाचा असो की केमो चालू असलेला, घरच्यांनी पहाटे उठून वरण शिजवलेलं असतं, थोडा वेळ निवळू दिलेलं असतं आणि वरचं पाणी तेवढं काढून आणलेलं असतं. "दाळीचं पाणी हाय, घ्या. ताकद येती," असं सून सासूला सांगत असते. तळाची घट्ट डाळ घरी राहिलेली असते. तिला फोडणी देऊन बाकीची मंडळी भाकरीशी खातात.

ही वाटी मायेनं आणलेली असते, म्हणूनच तिच्याबद्दल बोलणं अवघड जातं. पण ज्या देहाला प्रथिनांची सगळ्यात जास्त गरज, त्याच्याच वाट्याला त्या घरात सगळ्यात कमी प्रथिनं येतात. मला वाटतं, प्रतिकारशक्ती आणि आहार यांविषयीचे आपल्याकडचे बहुतेक गैरसमज या एका वाटीत साठलेले आहेत.

"डाळीच्या पाण्यात सगळा कस उतरतो."

उतरत नाही. १०० ग्रॅम तूरडाळीत २१ ते २२ ग्रॅम प्रथिनं असतात. मूठभर म्हणजे साधारण ३० ग्रॅम डाळ धरली, तर साडेसहा ग्रॅम. ती डाळीच्या गरात असतात. वरच्या पाण्यात जेवढी डाळ विरघळून आली असेल, तेवढीच प्रथिनं त्या वाटीत. उलट्या होत असतील, पोटात काही ठरत नसेल, तेव्हा मीठ घातलेलं हे पाणी द्यायला हरकत नाही, कारण त्या दिवशी पाणी आणि मीठच हवं असतं. पण हा बेत दोन दिवसांचा. तो दोन महिने चालतो, तिथं घात होतो. पेशंटला घट्ट चाववत नसेल तर डाळ रवीनं घोटा, वर चमचाभर तूप सोडा, त्यात भाकरी कुस्करा. गाळून मात्र काहीच काढू नका.

प्रथिनांचा एवढा आग्रह का? जंतूंशी लढणारी प्रतिपिंडं प्रथिनांचीच बनलेली असतात आणि पांढऱ्या पेशी वाढायलाही तोच माल लागतो. आजारात शरीराला हा माल ताटातून मिळाला नाही, तर ते स्वतःचे स्नायू मोडून तो मिळवतं. क्षयरोगात दंड आणि मांड्या वाळतात, गालाची हाडं वर येतात, ते यामुळेच. कुपोषण हे दुबळ्या प्रतिकारशक्तीचं जगातलं सगळ्यात मोठं कारण मानलं जातं, एचआयव्हीपेक्षाही मोठं.

"किती खायचं यावर डॉक्टरांचंच एकमत नाही, मग आपण कशाला हिशेब करायचा?"

मतभेद आहेत हे खरं. धडधाकट माणसासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा २०२० चा आकडा आहे वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम. क्षयरुग्णांच्या पोषणासाठी केंद्र सरकारनं २०१७ मध्ये मार्गदर्शिका काढली. तीत किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं आणि ४० कॅलरी सांगितल्या आहेत. कर्करोगासाठी युरोपातले पोषणतज्ज्ञ एक ग्रॅमहून जास्त, जमल्यास दीड ग्रॅमपर्यंत म्हणतात. दुसऱ्या बाजूला जागतिक आरोग्य संघटनेनं २००३ मध्ये एचआयव्हीबाबत वेगळंच सांगितलं. लक्षणं दिसू लागलेल्या माणसाला उष्मांक २० ते ३० टक्के जास्त हवेत, पण जेवणातलं प्रथिनांचं प्रमाण नेहमीच्या १२ ते १५ टक्क्यांहून वाढवावं याला पुरावा नाही. २०१३ मध्ये क्षयरोगाबाबतही तिनं तसंच म्हटलं.

ही दोन टोकं वाटतात, पण कागद-पेन घेऊन बसलं की वेगळंच दिसतं. एक बाई धरू. उंची १५५ सेंटिमीटर, क्षयानं वजन ३८ किलोवर आलेलं. तिच्या उंचीला ५० किलोच्या आसपास वजन हवं. हिशेब त्या ५० किलोंवर करायचा, वाळून गेलेल्या ३८ वर नाही. किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम म्हणजे रोज ६० ते ७५ ग्रॅम प्रथिनं. आता दुसरी रीत. ५० किलोंना ४० कॅलरींप्रमाणे दिवसाला २००० कॅलरी. त्यातल्या १२ ते १५ टक्के प्रथिनांतून आल्या, तर २४० ते ३०० कॅलरी होतात. एका ग्रॅममधून चार कॅलरी मिळतात, म्हणजे पुन्हा ६० ते ७५ ग्रॅम.

दोन्ही वाटा एकाच आकड्यावर येतात. अट एकच, पोटभर जेवण झालं पाहिजे. पेशंट दिवसाला हजारच कॅलरी खात असेल, तर १५ टक्क्यांचे ३८ ग्रॅमसुद्धा होत नाहीत. शिवाय जी प्रथिनं पोटात गेली, त्यांतलीही बरीच शरीर चालवण्यासाठी इंधन म्हणून खर्ची पडतात. घरात सरपण नाही म्हणून चुलीत सागवान घालावं, तशी गत होते.

ही गोष्ट जगाला ठासून सांगणाऱ्यांत एक मराठी माणूस होता. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म १९११, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. संख्याशास्त्रज्ञ होते आणि संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा सांख्यिकी विभाग त्यांनी वीसेक वर्षं सांभाळला. १९६० च्या दशकात गरीब देशांत प्रथिनांची प्रचंड तूट आहे, असा गजर चालू होता. १९६८ मध्ये खुद्द संयुक्त राष्ट्रांनी येऊ घातलेल्या प्रथिन-संकटावर अहवाल काढला. माशाच्या पिठापासून अमायनो आम्लं मिसळलेल्या ब्रेडपर्यंत कायकाय उपाय निघाले. सुखात्म्यांनी भारतातल्या आहार-पाहण्यांचे आकडे मांडून दाखवलं की, इथं ज्यांना प्रथिनं कमी पडतात त्यांतल्या बहुतेकांना मुळात जेवणच कमी पडतं. पुरेसं धान्य-डाळ पोटात गेली की प्रथिनांची तूट बरीचशी भरून निघते. पुढं त्यांच्या काही मांडणीवर कडक टीका झाली, विशेषतः कमी खाण्याशी शरीर जुळवून घेतं या मतावर, आणि ती टीका मला पटते. पण भाकरी कमी करून प्रोटीन पावडर वाढवणाऱ्या घराला मी आजही त्यांचीच पहिली गोष्ट सांगेन.

"प्रतिकारशक्ती वाढवायची तर महागडी पावडरच हवी. आपल्या जेवणात काय असतंय?"

वर हिशेब केलेल्या बाईचं ताट मांडू. दिवसभरात ज्वारीच्या चार भाकरी, एकीला ६० ग्रॅम पीठ धरलं तर २४ ग्रॅम प्रथिनं. घट्ट वरणाची ५० ग्रॅम डाळ, ११ ग्रॅम. मटकीची किंवा हरभऱ्याची उसळ, ४० ग्रॅम कोरडी, ८ ग्रॅम. शेंगदाण्याच्या चटणीत किंवा कुटात ३० ग्रॅम दाणे, ७ ग्रॅम. दीड पेला दूध किंवा तेवढ्याचं दही, ९ ते १० ग्रॅम. एक उकडलेलं अंडं, ६ ग्रॅम. बेरीज ६५. तेल, गूळ, एखादं केळं धरून २००० कॅलरींच्या जवळपास. अंडं चालत नसेल तर दूध आणि डाळ थोडी वाढवा. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन कमी असतं, डाळीत ते भरपूर असतं. भाकरी-वरण एकत्र खाल्लं की एकाची उणीव दुसरं भरून काढतं. म्हणून नुसती भाकरी-मिरची पुरत नाही आणि नुसतं वरणही पुरत नाही.

लातूरच्या बाजारात तूर आणि हरभरा येतो, इथल्या मिलांतून डाळ देशभर जाते. सोयाबीनची तर लातूर-नांदेड दोन्ही जिल्ह्यांत शिवारंच्या शिवारं आहेत. शंभर ग्रॅम सोयाबीनमध्ये ३५ ग्रॅमहून जास्त प्रथिनं असतात, आपल्या रानात पिकणारं दुसरं कुठलंही पीक त्याच्या जवळ जात नाही. पण ते विकायचं पीक आहे, खायचं नाही, असं आपण ठरवून टाकलं आहे. तेल निघून गेलं की पेंड कोंबड्यांच्या खाद्याला जाते. ज्याच्या शेतात ते पिकतं, तो शेतकरी आईच्या आजारपणात तालुक्याच्या मेडिकलवरून पावडरचा डबा आणतो, हे पाहिलं की जीव तुटतो. घरी सोयाबीन वापरायचं तर एक पथ्य पाळा. ते कच्चं दळू नका, कच्च्या दाण्यात प्रथिनं पचू न देणारे घटक असतात. वीसेक मिनिटं चांगलं उकळा, वाळवा आणि गव्हात नऊला एक या प्रमाणात मिसळून दळून आणा. पोळीची चव फारशी बदलत नाही.

पावडर सगळ्यांनाच वर्ज्य आहे असं नाही. तोंड आलेलं, घास गिळता न येणारा, नळीनं अन्न घेणारा पेशंट असेल तर डॉक्टर पावडर लिहून देतात आणि ती द्यावी. बाकीच्यांनी डब्याच्या मागचा तक्ता वाचावा. दोन चमच्यांत प्रथिनं किती आणि साखर किती, ते तिथं छापलेलं असतं. प्रथिनांचा आकडा एका अंड्याएवढाही नसेल, तर अंडंच आणा.

प्रथिनांचा साठा करता येत नाही, हेही सांगितलं पाहिजे. गरजेपेक्षा दुप्पट खाल्ली म्हणून दुप्पट प्रतिपिंडं तयार होत नाहीत. जास्तीची मोडून त्यांचा युरिया होतो आणि तो बाहेर टाकायचं काम किडनीवर पडतं. यातूनच पुढचा गैरसमज येतो.

"प्रोटीननं किडनी खराब होते."

निरोगी किडनीला वजनाच्या किलोमागे दीड ग्रॅमपर्यंतचं प्रमाण बाधत नाही. पण किडनी आधीच दुखावलेली असेल तर गोष्ट वेगळी, आणि जुना मधुमेह-रक्तदाब असलेल्या अनेकांना ती दुखावली आहे हे ठाऊकच नसतं. त्यामुळे "ताकदीचं" खाणं वाढवण्याआधी अशा माणसाची क्रिएटिनिन आणि लघवीतल्या प्रथिनांची तपासणी करून घ्यावी. किडनीचा जुना आजार आहे पण डायलिसिस नाही, त्याला किलोमागे साधारण ०.८ ग्रॅम सांगतात, कधी देखरेखीखाली त्याहून कमी.

सगळ्यात जास्त नुकसान पुढच्या वळणावर होतं. डायलिसिस सुरू झालं की नियम उलटतो. यंत्रातून रक्त जाताना अमायनो आम्लंही वाहून जातात, म्हणून तिथं १ ते १.२ ग्रॅम लागतात. पण घरात दोन वर्षांपूर्वीचा "डाळ बंद"चा कागद देव्हाऱ्याशेजारी टाचलेला असतो, त्यावर कुणी नवा कागद लावत नाही. पेशंट आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला जातो, घरी येऊन वरण-भाताऐवजी साबुदाणा खातो आणि दिवसेंदिवस खंगत जातो. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, प्रथिनं नावालाही नाहीत. डायलिसिस सुरू होईल त्याच दिवशी नवा आहार लिहून मागा. पोटॅशियम-फॉस्फरस सांभाळून डाळ कशी आणि किती द्यायची, ते त्यात यायला हवं.

"कच्चं अंडं, कच्चे मोड, धारोष्ण दूध, यांत जास्त ताकद."

केमो चालू आहे, किडनी बसवली आहे, स्टेरॉइडच्या गोळ्या दीर्घकाळ चालू आहेत, अशांनी या तिन्हीपासून लांब राहावं. कच्च्या अंड्यात साल्मोनेला असू शकतो. मोड आणताना दमट-उबदार फडक्यात कडधान्याबरोबर जंतूही वाढतात. निरोगी माणूस ते पचवतो, या माणसाला दवाखान्यात जावं लागतं. उकडलेल्या अंड्यातली प्रथिनं कच्च्यापेक्षा उलट चांगली पचतात. मोडांची उसळ करा, दूध उकळा. खवट किंवा बुरशी लागलेले शेंगदाणे निवडून फेका, त्यांत यकृताला घातक विष असतं.

"पेशंटच्या नावानं आलं म्हणजे पेशंटच्या पोटात गेलं."

निक्षय पोषण योजनेत क्षयरुग्णाच्या खात्यावर एप्रिल २०१८ पासून महिन्याला ५०० रुपये येत होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० येतात. पैसे वाढले हे चांगलंच झालं. पण आपल्या घरातली पंगत कशी बसते ते आठवा. आजारी असली तरी बाई शेवटी जेवते. तिच्यासाठी उकडलेलं अंडं अर्धं लेकराच्या ताटात जातं, दूध म्हाताऱ्याच्या चहात जातं. तिला रागावून उपयोग नाही. लेकरू समोर बसलेलं असताना एकटीनं अंडं खाणं कुठल्या आईला जमतं?

झारखंडमध्ये हे ओळखून काम झालं. डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या गटानं २०१९ ते २०२२ दरम्यान चार जिल्ह्यांतल्या २८०० क्षयरुग्णांना सहा महिने शिधा दिला. त्यात रोज १२०० कॅलरी आणि ५२ ग्रॅम प्रथिनं होती. निम्म्या भागात घरच्या मंडळींनाही माणशी शिधा दिला, मोठ्या माणसाला महिन्याला ५ किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ. २०२३ च्या ऑगस्टमध्ये निष्कर्ष छापून आले. ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला, तिथं घरच्यांना क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी होतं, आणि थुंकीच्या तपासणीत सिद्ध होणारा फुप्फुसाचा क्षय ४८ टक्क्यांनी. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन पाच टक्के वाढलं, त्या रुग्णांत मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. ३८ किलोच्या बाईसाठी हे पाच टक्के म्हणजे दोन किलोही नाहीत.

निक्षय मित्र म्हणून क्षयरुग्णांना शिधा देणारी मंडळं, बँका, शाळा आपल्या दोन्ही जिल्ह्यांत आहेत. पिशवी भरताना त्यांनी एक करावं. रुग्ण एक असला तरी आधी घरात माणसं किती ते विचारावं, आणि डाळ तेवढ्यांची मोजावी.